एडमंड इव्हान्सचा छापखाना आणि मुलांची रंगीत पुस्तकं

कागदवेडा

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात पुण्यात एका रद्दीवाल्याकडे जुन्या इंग्रजी मासिकांच्या गठ्ठ्यात एक पातळ पुस्तक सापडलं. आडवं, पाठीवर दोरा सुटलेला, पानांच्या कडा चहासारख्या झालेल्या. रँडॉल्फ कॅल्डिकॉट या इंग्रज चित्रकाराचं 'हे डिडल डिडल अँड बेबी बंटिंग'. त्याने ते मागितलं त्या पैशात दिलं आणि मी घरी येऊन ते टेबलावर ठेवून तासभर नुसता बघत बसलो.

शेवटचं चित्र सांगतो. बडबडगीत अगदी छोटं आहे. बाबा शिकारीला गेलेत, बाळाला गुंडाळायला सशाचं कातडं आणायला. एवढंच. शब्द तिथे संपतात. मग चित्रात आई बाळाला घेऊन फिरायला निघाली आहे, बाळाच्या अंगावर कान असलेला सशाच्या कातड्याचा अंगरखा आहे, आणि शेजारच्या उंचवट्यावर खरे ससे बसलेत. बाळ त्यांच्याकडे टक लावून बघतंय. गाण्यात हे कुठेच नाही. चित्रकाराने ते स्वतःच्या मनाने पुढे नेलं आहे. माझ्या पाच वर्षांच्या भाचीला दाखवलं तर तिने विचारलं, "त्याला कळलं का रे मामा, ते कुणाचं आहे?" मला उत्तर देता आलं नाही.

पहिल्या गाण्यातही तेच. ताटली चमच्याबरोबर पळून गेली, इथे गाणं संपतं. पुढच्या चित्रात ताटली फुटून पडली आहे आणि सुरी-काटा चमच्याला धरून घरी नेताहेत.

कॅल्डिकॉटबद्दल बरंच लिहिलं गेलंय. 1846 चा जन्म, चेस्टरचा, आधी बँकेत कारकून. 1878 ते 1885 दर नाताळला दोन अशी 16 चित्रपुस्तकं, आणि 1886 मध्ये फ्लोरिडात, चाळिशीही गाठायच्या आत मृत्यू. अमेरिकेत चित्रपुस्तकासाठी 1938 पासून त्याच्या नावाचं पदक देतात. मला मात्र या धाग्यात लिहायचंय ते मुखपृष्ठावर बारीक अक्षरात असलेल्या दुसऱ्या नावाबद्दल: एडमंड इव्हान्स, मुद्रक.

हा माणूस 1826 मध्ये लंडनमध्ये जन्मला, चौदाव्या वर्षी लाकडावर कोरणाऱ्या एबेनेझर लँडेल्सकडे उमेदवारीला लागला, पुढे स्वतःचा छापखाना काढला आणि रेल्वे स्टेशनवर विकल्या जाणाऱ्या स्वस्त कादंबऱ्यांची पिवळी रंगीत मुखपृष्ठं छापून पोट भरलं. त्या काळी मुलांची रंगीत पुस्तकं म्हणजे भडक, कशीबशी छापलेली. स्वस्तात चांगली छपाई होणार नाही, असं सगळेच धरून चालले होते. इव्हान्सचं म्हणणं असं की ठसे मन लावून कोरले, रंग मोजके ठेवले आणि प्रती भरपूर काढल्या तर सहा पेन्सच्या, शिलिंगाच्या पुस्तकातही सुंदर रंग देता येतात. त्यासाठी त्याने आधी वॉल्टर क्रेन या चित्रकाराला धरलं. 1876 च्या सुमारास क्रेन या कामाला कंटाळला, मग इव्हान्स कॅल्डिकॉटकडे गेला.

करार असा. कोरणं, छपाई, सगळ्याचा खर्च इव्हान्सचा. कॅल्डिकॉटने चित्रं द्यायची. पुस्तक खपलं तर त्याला प्रतीमागे थोडा वाटा, नाही खपलं तर काहीच नाही. रूटलेज ही प्रकाशनसंस्था विकायचं काम करणार. म्हणजे जोखीम घेतली चित्रकाराने आणि मुद्रकाने. पहिल्या दोन पुस्तकांच्या 10,000 प्रती काढल्या आणि त्या हां हां म्हणता संपल्या.

पुढच्याच वर्षी केट ग्रीनअवे. तिचे वडील आणि इव्हान्स लँडेल्सकडे एकत्र उमेदवारी केलेले, त्यामुळे घरोबा होता. ती आपल्या चित्रांचं आणि कवितांचं बाड घेऊन आली. इव्हान्सने ते बघितलं आणि 1879 च्या 'अंडर द विंडो'च्या एकदम 20,000 प्रती छापल्या, किंमत सहा शिलिंग. प्रकाशकाने त्याला वेड्यात काढलं. दुसरी आवृत्ती छापून व्हायच्या आत पहिली संपली होती.

मला मनापासून वाटतं की मुलांच्या चित्रपुस्तकांचा इतिहास लिहिताना आपण लेखक आणि चित्रकारांपाशी थांबतो, आणि ते पुस्तक मुलाच्या हातात परवडेल अशा किमतीत पोचवणारा छापखाना राहून जातो. जाणकारांनी भर घालावी. माझ्याकडची प्रत नेमकी केव्हाची, हेही कुणी सांगू शकलं तर फार बरं होईल. आत कुठेही साल नाही.

मनीमाऊची_आई

किती सुंदर लिहिलंय! त्या सशाच्या चित्राने अंगावर काटा आला. माझ्या लेकीला झोपवताना चित्रातल्या शब्दाबाहेरच्या गोष्टीच ती आधी पकडते. पान उलटू देत नाही.

एक प्रश्न. तेव्हा फोटो काढून छापायची सोय नव्हती ना? मग रंगीत चित्र छापायचे तरी कसे? प्रत्येक रंगाला वेगळं लाकूड?

खिळेजुळारी

@मनीमाऊची_आई, हो, प्रत्येक रंगाला वेगळा ठसा. कोल्हापुरात आमचा छोटा ट्रेडलचा, म्हणजे पायाने चालवायच्या यंत्राचा, छापखाना होता, त्यामुळे हे जरा तपशिलात सांगतो.

लाकूड बॉक्सवुडचं. अगदी घट्ट, पिवळसर, हस्तिदंतासारखं. झाड बारीक असतं, त्यामुळे मोठा ठोकळा हवा असेल तर लहान तुकडे मागून बोल्ट लावून जोडायचे. फळीच्या लांबीवर न कोरता खोडाच्या आडव्या छेदावर कोरायचं, म्हणजे कोरणी कुठल्याही दिशेला फिरते, रेषा तुटत नाही. न्यूकॅसलच्या टॉमस ब्यूइकने अठराव्या शतकाच्या शेवटी ही कला कुठल्या कुठे नेली. त्याचं प्राण्यांचं पुस्तक 1790 चं. आणि खरी सोय अशी की हा ठोकळा खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांच्या, उंचीचा करता येतो. अक्षरं आणि चित्र एकाच फर्म्यात (छपाईच्या चौकटीत) आवळा आणि एका दाबात छापा. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र वेगळ्या यंत्रावर वेगळं छापावं लागायचं, खर्च दुप्पट. मुलांच्या स्वस्त पुस्तकात भरपूर चित्रं आली ती या ठोकळ्यामुळे.

फोटोबद्दल: कॅल्डिकॉटच्या वेळेला त्याचं कागदावरचं शाईचं चित्र फोटोने ठोकळ्यावर उतरवता येत होतं. कोरायचं मात्र हातानेच. आधी रेषांचा मुख्य ठसा कोरून त्याची एक छाप चित्रकाराला पाठवायची. तो त्यावर रंग भरून परत द्यायचा. मग ते रंग वाचून बाकीचे ठसे. इव्हान्सने स्वतः लिहून ठेवलंय: मुख्य ठसा गडद तपकिरी, मग चेहऱ्या-हातांचा अंगरंग, तांबडा, निळा, पिवळा आणि करडा. सहा ठसे. म्हणजे एकच कागद सहा वेळा यंत्राखालून जाणार, आणि सहाही वेळा केसभरही न हलता त्याच जागी बसला पाहिजे.

ते किती अवघड आहे हे मला ठाऊक आहे. लग्नपत्रिकांवर आम्ही गणपती दोन रंगांत छापायचो. लाल आधी, सोनेरी मागून. एकदा हवा दमट होती, कागद रात्रीत वाढला, आणि सकाळी सोनेरी मुकुट गणपतीच्या डोक्यापासून सुटून शेजारी गेला. 400 पत्रिका वाया गेल्या. वडील दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. दोन रंगांची ही कथा, तर सहा रंगांत बाळाच्या गालावरचा गुलाबी जागच्या जागी बसवणाऱ्या त्या कारागिरांपुढे मी हात जोडतो.

नर्मदेकाठी

धागा फार आवडला. थोडं मागे जाऊ का? इव्हान्सच्या दोनशे वर्षं आधी, 1658 मध्ये न्यूरेंबर्गला 'ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस' छापलं गेलं. लेखक मोराव्हियाचा शिक्षक-धर्मगुरू कोमेनियस. दीडशे धडे, प्रत्येकावर लाकडी ठशाचं एक चित्र, खाली लॅटिन आणि जर्मन मजकूर शेजारी शेजारी. पुढच्याच वर्षी इंग्रजीत आलं.

त्यातली युक्ती बघा. चित्रातल्या प्रत्येक वस्तूला बारीक आकडा दिलेला आणि मजकुरात त्याच शब्दापुढे तोच आकडा. मुलाने आकडा शोधायचा, बोट ठेवायचं, शब्द वाचायचा. आणि सुरुवातीची मुळाक्षरं प्राण्यांच्या आवाजावरून: कावळा ओरडतो, कोकरू बें बें करतं, रातकिडा किरकिरतो. आपल्याकडे "क कमळाचा" मध्ये अक्षराचं नाव आणि वस्तूचं नाव जुळतं. इथे तर अक्षर म्हणजे कानावर पडलेला आवाजच. मी पहिलीला शिकवते, आणि माझा अनुभव असा की मुलं आवाजावरून अक्षर लवकर धरतात.

हे पुस्तक लिहिणाऱ्या माणसाचं आयुष्य मात्र युद्धाने पार उधळलेलं. 1656 मध्ये पोलंडमधलं लेश्नो गाव जळालं, त्यात त्याचं घर आणि वर्षानुवर्षांची हस्तलिखितं गेली. दोन वर्षांनी हे पुस्तक आलं. सगळं जग चित्रात मांडून मुलाला दाखवायची त्याची आस बघून मला भरून येतं. शंभर वर्षांनंतर लहानपणी जर्मन कवी गटेनेही हेच पुस्तक चाळलं होतं, त्याने आठवणींत तसं लिहिलंय.

मँचेस्टरची_मावशी

नर्मदेकाठी, फार छान. पण मला एक फरक करावासा वाटतो. कोमेनियसचं पुस्तक शाळेचं. मुलाला नुसती मजा म्हणून, बापाच्या खिशातल्या पैशातून विकत घेतलेलं पुस्तक हा वेगळा व्यवहार, आणि तो लंडनमध्ये 1744 च्या आसपास मूळ धरतो. सगळे जॉन न्यूबेरीचं नाव घेतात. त्याचं 'अ लिटल प्रिटी पॉकेट-बुक' त्याच वर्षीचं. नुसतं पुस्तक सहा पेन्स, आणि बरोबर मुलाला चेंडू किंवा मुलीला टाचण्यांची गादी हवी तर आठ पेन्स. चेंडू-गादीची एक बाजू तांबडी, दुसरी काळी. चांगलं वागलं की तांबड्या बाजूला टाचणी, वाईट वागलं की काळ्या. न्यूबेरी पुस्तकांबरोबर तापावरची पेटंट पूडही विकायचा. विकायची कला त्याला उत्तम अवगत होती.

पण त्याच वर्षी मेरी कूपर नावाच्या प्रकाशक बाईने 'टॉमी थम्ब्ज प्रिटी साँग बुक' काढलं आणि तिचं नाव कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं. तळहातात मावणारं, तीन इंच उंच, बडबडगीतं आणि प्रत्येकावर तांब्यावर कोरलेलं चित्र, पानं एक तांबड्या शाईत, एक काळ्या. "बा बा ब्लॅक शीप" छापील रूपात पहिल्यांदा दिसतं ते यात. उपदेश जवळजवळ नाहीच. मुलांनी ते इतकं हाताळलं की प्रती उरल्याच नाहीत, आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. न्यूबेरीच्या नावे 1922 पासून पदक आहे. कूपरबाईंच्या नावे काही नाही.

आणि कागदवेडा, कॅल्डिकॉट बँकेत होता तो शेवटी आमच्याच गावी, मँचेस्टरला.

शाईचा_डाग

छपाईच्या रंगांबद्दल सगळं वाचलं. पण मधल्या काळाचं कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. ठशाने रंग यायच्या आधी, म्हणजे 1800 ते 1850 च्या दरम्यान, मुलांच्या पुस्तकांत रंग हाताने भरत. आणि ते भरणारी बहुतेक मुलंच होती.

टेबलाभोवती बसायचं. प्रत्येकासमोर एकाच रंगाची बशी आणि कुंचला. मधे रंगवून दाखवलेला नमुना. एकाने सगळ्या टोप्या तांबड्या करायच्या आणि कागद पुढे सरकवायचा, दुसऱ्याने गवत हिरवं, तिसऱ्याने आकाश. 1807 मध्ये लंडनच्या जॉन हॅरिसने 'द बटरफ्लाइज बॉल' काढलं, कीटकांच्या मेजवानीची कविता. साधी प्रत एक शिलिंग, रंगवलेली दीड. त्या वरच्या सहा पेन्सांत एका लेकराच्या दिवसभराच्या पाठदुखीचे किती, याचा हिशोब कुणी ठेवला नाही. श्रीमंताघरच्या मुलाच्या हातातलं सुंदर फुलपाखरू गरिबाघरच्या मुलाने रंगवलेलं. त्या पुस्तकांचं कौतुक करताना हे विसरू नये असं मला कळकळीने वाटतं. इव्हान्सच्या ठशांनी हे टेबल मोडलं, हे माझ्या लेखी त्याचं मोठं काम.

फ्रँकफर्टच्या डॉक्टर हाइनरिश हॉफमनचीही आठवण काढतो. 1844 च्या नाताळात तीन वर्षांच्या मुलासाठी पुस्तक घ्यायला गेला, एकही पसंत पडेना, तर कोरी वही घेऊन आला आणि स्वतः गोष्टी लिहून चित्रं काढली. तेच 'श्ट्रूवेलपीटर', 1845 मध्ये छापलं. 1,500 प्रती काही आठवड्यांत संपल्या. शिळाछापाच्या कारागिरांना त्याने बजावलं होतं की माझी वेडीवाकडी चित्रं सुधारायची नाहीत, जशीच्या तशी दगडावर उतरवायची. तो स्वतः जाऊन बघायचा. गोष्टी भयंकर आहेत, अंगठा चोखणाऱ्याचे अंगठे कापले जातात. मी माझ्या मुलाला वाचून दाखवणार नाही. पण चित्राचा हात चित्रकाराचाच राहिला पाहिजे हा त्याचा आग्रह मला पटतो.

रानवारा

वाचनखूण साठवली. असे धागे यावेत म्हणून तर इथे येतो. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

हुगळीकाठचा_मराठी

वीस वर्षं कोलकात्यात आहे, म्हणून इथली गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. उपेंद्रकिशोर रायचौधुरी, म्हणजे सत्यजित राय यांचे आजोबा. त्यांनी मुलांसाठी रामायण लिहिलं, चित्रं काढली. लाकडी ठसे कोरणाऱ्यांच्या हातात ती चित्रं गेली आणि छापून आली ती पार बिघडून. दुसरा कुणी हळहळून गप्प बसला असता. यांनी लंडनच्या पेनरोज या छपाईचं सामान विकणाऱ्या कंपनीकडून कॅमेरा आणि सामान मागवलं, पुस्तकं वाचून हाफटोनचं तंत्र (जाळीतून फोटो काढून चित्र बारीक ठिपक्यांत छापायचं) स्वतः शिकले आणि 1895 मध्ये कोलकात्यात ब्लॉक करायचा कारखाना काढला. जाळीचा कोन, भोकांचा आकार, कॅमेऱ्याचं अंतर यांचं गणित मांडून त्यांनी लिहिलेले लेख पेनरोजच्याच वार्षिकात छापून आले, आणि विलायतेत लोकांनी ते अभ्यासले.

ही सगळी खटपट कशासाठी? मुलांच्या पुस्तकातलं चित्र नीट यावं यासाठी. मग 1910 मध्ये 'टुनटुनिर बोई', 1913 मध्ये 'संदेश' मासिक. मुलगा सुकुमार छपाई शिकायला लंडनला आणि मग मँचेस्टरलाच गेला होता. @मँचेस्टरची_मावशी, तुमचं गाव इथेही आलं बघा! सुकुमारांचं 'आबोल ताबोल' सप्टेंबर 1923 मध्ये निघालं, ते गेल्यानंतर अवघ्या काही दिवसांनी. मांडणी त्यांनी आजारपणात अंथरुणावरूनच केली होती. छापील पुस्तक हातात घ्यायला ते नव्हते.

मनीमाऊची_आई

हे वाचून डोळ्यात पाणी आलं. मराठीत तेव्हा काय होतं?

नर्मदेकाठी

मासिकांपासून सुरुवात म्हणता येईल. अमेरिकन मराठी मिशनचं 'बालबोधमेवा' 1873 चं. विनायक कोंडदेव ओकांनी 1881 मध्ये 'बालबोध' सुरू केलं आणि 1914 पर्यंत, म्हणजे हयातभर, चालवलं. वा. गो. आपट्यांचं 'आनंद' 1906 चं. या माणसांनी मराठी मुलांना वाचायला दिलं, त्यांचे उपकार आहेतच. पण पानभर रंगीत चित्र असलेलं मराठी मासिक दर महिन्याला हातात पडण्याचं सुख आमच्या पिढीला मिळालं ते 'चांदोबा'मुळे.

कोरणी

कागदवेडा यांच्याशी एका बाबतीत माझं जमत नाही. मी स्वतः चित्रकार आहे, मुलांच्या पुस्तकांसाठी काम करते. इव्हान्सचं कौतुक जरूर करा, पण वॉल्टर क्रेनचं काय? त्याला प्रत्येक पुस्तकाचे ठरावीक पैसे एकरकमी मिळायचे. पुस्तकं वर्षानुवर्षं छापली जात होती, त्याच्या हातात पुढचं काही नाही. तेराव्या वर्षापासून लाकूड कोरण्याच्या कारखान्यात उमेदवारी केलेला, जपानी ठसे बघून जाड रेघ आणि सपाट रंग मुलांच्या पानात आणणारा हा माणूस. कंटाळला असं तुम्ही एका वाक्यात लिहिलंत. तो का कंटाळला असेल, ते मला शंभर टक्के कळतं. माझ्या एका पुस्तकाच्या सात आवृत्त्या निघाल्या. मला मिळाले ते पहिल्याच वेळचे.

कागदवेडा

@कोरणी, तुमचं म्हणणं मान्य. ते वाक्य मी घाईत लिहिलं. क्रेनला पैसे प्रकाशकाकडून मिळायचे, आणि कॅल्डिकॉटशी खपावर वाटा देण्याचा करार करताना इव्हान्सने हाच धडा घेतला असावा असं मला वाटतं. ग्रीनअवेलाही त्याने चित्रांचे पैसे दिले आणि वर नफ्यात वाटा दिला. पण क्रेनच्या वाट्याला ते आलं नाही, हे खरंच. तुमच्या सात आवृत्त्यांचं वाचून फार वाईट वाटलं. चित्रकारांच्या करारांवर इथे एक वेगळा धागा काढाल का? मी तरी नक्की येईन.

खिळेजुळारी

कागदवेडा, प्रत केव्हाची ते ओळखायला दोन गोष्टी करा. पहिली, मुखपृष्ठावर प्रकाशक कोण ते बघा. रूटलेज असेल तर जुनी. फ्रेडरिक वॉर्न असेल तर नंतरची, कारण ही पुस्तकं पुढे त्यांच्याकडे गेली. दुसरी, दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि बाळाचा गाल बघा. एकसारख्या ओळीत ठिपके दिसले तर हाफटोनची जाळी, म्हणजे मागाहून फोटोने छापलेलं. बारीक रेघा दिसल्या तर कोरलेल्या लाकडाची छाप.

कागदवेडा

दोन दिवस उशीर झाला, घड्याळजीकडून भिंग मागून आणलं.

मुखपृष्ठावर फ्रेडरिक वॉर्न आहे. म्हणजे पहिली छपाई नाही. क्षणभर हिरमुसलो. मग आठवलं, ही तीच संस्था जिने 1902 मध्ये बिअॅट्रिक्स पॉटरचं 'पीटर रॅबिट' काढलं. आधी तिला नकार मिळाले होते म्हणून तिने 1901 च्या डिसेंबरात पदरच्या पैशांनी 250 प्रती छापून घेतल्या होत्या. लहान हातात मावेल असं लहान आणि स्वस्त पुस्तक हवं, यावर ती अडून बसली होती. वॉर्नने रंगीत चित्रांची मागणी केली, आणि ते रंग छापले इव्हान्सच्याच छापखान्याने, तेव्हा नव्या असलेल्या तीन रंगांच्या फोटो-ब्लॉकच्या पद्धतीने. पॉटरच्या वडिलांनी कॅल्डिकॉटची मूळ चित्रं विकत घेऊन घरात लावली होती. ती हीच चित्रं बघत मोठी झाली.

आता भिंगातलं सांगतो. ठिपके नाहीत. गालावर अगदी जवळजवळ, किंचित वळलेल्या गुलाबी रेघा आहेत, गालाच्या गोलाईबरोबर फिरणाऱ्या. गवतात पिवळ्यावर निळ्या रेघा तिरप्या गेल्यात, आणि डोळ्यांपासून लांब धरलं की त्याचा हिरवा होतो. हिरवी शाई कुठे वापरलेलीच नाही! बाह्यरेषा तपकिरी, काळी नाही. बाळाच्या उजव्या कानाशी अंगरंग रेषेच्या बाहेर अर्धा केस सरकलाय. भाचीला भिंग दिलं तर तिने आधी ससे मोजले, मग म्हणाली की सशांच्या अंगावर पण रेघाच आहेत.